रघूतात्यांचे इतर विषय

जगात कुठेही दोन-चार देशांचा व्यापार करार झाला, की रत्नागिरीतल्या आमच्या परटवण्याच्या गल्लीत रघूतात्या शिवलकर साखर वाटतात.

मी बदली होऊन या गल्लीत राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी दारावर थाप पडली. उघडतो तर समोर सत्तरीचे एक सावळे, ताठ गृहस्थ. पांढरा हाफ शर्ट, पांढरी पँट, पायात रबरी चप्पल आणि हातात साखरेची वाटी. माझा हात त्यांनी स्वतःच पुढे ओढला आणि तळव्यावर चमचाभर साखर ठेवली.

"घ्या मास्तर. तोंड गोड करा."

मी म्हटलं, "अभिनंदन! नातू की नात?"

"करार," तात्या म्हणाले. "काथ्यावरची जकात उठवली. काल सह्या झाल्या."

"कुठे?"

"तिकडे." त्यांनी चमचा समुद्राच्या दिशेने हलवला. तात्यांच्या बोलण्यात 'तिकडे' म्हणजे लंकेपासून इंडोनेशियापर्यंत आणि उलटा हात केला तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत कुठेही. चौकशी करायची नसते. साखर खायची असते.

मी अर्थशास्त्राचा मास्तर. खुला व्यापार, प्रादेशिक सहकार्य, सर्वसमावेशक विकास हे शब्द मी वीस वर्षं फळ्यावर लिहून पुसत आलोय. मुलं ते उतरवून घेतात, परीक्षेत ओकतात आणि विसरतात. मीही पेपर तपासून झाले की विसरतो. त्या शब्दांपायी कुणाच्या घरची साखर संपत असेल हे मला ठाऊक नव्हतं.

बोलणी फिसकटली तर तात्या दाढी करत नाहीत. एकदा कुठल्याशा देशांची तांदळावरून अशी काही जुंपली की चर्चा महिनोन्‌महिने लांबली. दाढी छातीकडे निघाली. नवीन आलेला दूधवाला दुधाची पिशवी देऊन तात्यांच्या पाया पडून गेला. तात्यांनीही आशीर्वाद दिला, "तांदूळ सुटू दे रे बाबा."

तात्या एकतीस वर्षं मालवाहू बोटींवर कुक होते, शेवटी शेवटी चीफ कुक. जगाच्या अर्थकारणाकडे ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतात. एका बोटीवर बावीस माणसं आणि सात देश. कुणाला भात मऊ हवा, कुणाला मोकळा. कुणाला रविवारी डुक्कर हवं, कुणाला डुक्कर शिजलेलं भांडंसुद्धा नको.

"आणि सगळ्यांना एकाच चुलीवरचं," तात्या सांगत. "तिथे मी कुणाला शिकवत बसलो नाही, आपण सगळे भाऊ भाऊ वगैरे. भुकेलेल्या माणसाला भाऊ नसतो. मी एवढंच बघायचो, शेवटच्या पंगतीला काय उरतंय."

शेवटची पंगत म्हणजे इंजिनरूमची. ती माणसं खालून तेलात माखून, सगळ्यांचं जेवण आटपल्यावर वर येत. तोवर भांड्याच्या बुडाशी रस्सा आणि दोन काटे उरायचे. तात्यांनी चीफ कुक झाल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे इंजिनरूमचं पातेलं आधी बाजूला काढून झाकून ठेवायचं. कॅप्टनने विचारलं, हे काय? तात्या म्हणाले, साहेब, बोट तुम्ही चालवता असं तुम्हाला वाटतं.

एकदा मी त्यांना म्हटलं, "तात्या, यालाच आम्ही सर्वसमावेशक विकास म्हणतो."

"एवढं लांब कशाला?" ते म्हणाले. "पातेलं बाजूला काढून ठेवा, बस्स. तुमचा तो शब्द उच्चारेपर्यंत जेवण थंड होईल."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी व्याख्येऐवजी हे पातेलंच सांगितलं. मुलांनी पहिल्यांदाच वहीतून मान वर केली.

बोटीवरून कायमचे घरी आले तेव्हा तात्यांची बायको, इंदूवहिनी, या जगात नव्हत्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. पडवीतून आत गेलं की समोरच्या भिंतीवर, नऊवारीत, किंचित संशयाने कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या. मूलबाळ नाही. एवढ्या घरात तात्या एकटे, आणि त्यांचा रेडिओ, आणि एक बोका.

त्या बोक्याचाही एक प्रसंग आहे. तात्यांनी आमसुलं वाळवायला उन्हावर चालणारं यंत्र तयार केलं. भंगारातल्या टेम्पोची पुढची काच, पत्र्याची पेटी, आतून काळा रंग आणि हवा खेळायला जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा. पहिल्या चाचणीला गल्लीतल्या सगळ्यांना बोलावलं, छोटंसं भाषण केलं आणि पेटी उघडली. आतून बोका बाहेर आला. तो सकाळपासून आत झोपला होता. अंग झटकून, कुणाकडे न बघता, तो सरळ विहिरीवर गेला आणि दगडी डोणीतलं पाणी पीतच राहिला.

"यंत्र चालतं," तात्यांनी जाहीर केलं.

खरोखर चालतं. पुढे पावसाळ्यातल्या उघडिपीत चार तास ऊन मिळालं तरी त्यात माल वाळायला लागला, आणि तसल्या पेट्या गावोगावी गेल्या. ते पुढे येईलच.

तर अशा या तात्यांनी एक दिवस मला घरी बोलावलं आणि समोर कोरी वही ठेवली. "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही सचिव."

"कशाचा?"

"परिषदेचा. मोठे देश करतात, मग आपण का नाही? हर्णे, हेदवी आणि पोफळी. तीन गावांची सहकार परिषद."

मी नकाशा डोळ्यांपुढे आणला. हर्णे तिकडे दापोलीच्या समुद्रावर, मासळीचं बंदर. हेदवी गुहागरकडे, गणपतीच्या देवळाचं गाव. आणि पोफळी चिपळूणच्या वर, घाटाच्या पायथ्याशी, वीजघराची वसाहत. या तीन गावांचा एकमेकांशी काय संबंध? आणि आम्ही बसलोय रत्नागिरीत!

"तात्या, हीच तीन का? लांजा, पावस, शेजारचं नाचणं का नाही?"

"भौगोलिक कारणं आहेत," तात्या म्हणाले आणि रेडिओचा आवाज वाढवला.

पहिली परिषद एका शनिवारी दुपारी तात्यांच्या पडवीत भरली. तीन गावांच्या तीन प्रतिनिधी आल्या. हर्ण्याच्या हिराबाई, साठीच्या, खणखणीत आवाजाच्या, सुकी मासळी विकणाऱ्या. हेदवीच्या सुमनताई, सडपातळ, काटेकोर, आमसुलं, कोकमाचं आगळ आणि कुळथाचं पीठ करणाऱ्या. आणि पोफळीच्या सरितावहिनी, तिघींत लहान, हळू बोलणाऱ्या. त्यांचे यजमान वीजघरात होते, आणि वसाहतीतल्या बायकांना काय हवं-नको ते त्या बघायच्या.

तात्यांनी टेबलावर पांढरी चादर घातली होती. पुठ्ठ्याच्या पाट्या केल्या होत्या. 'हर्णे', 'हेदवी', 'पोफळी', आणि माझ्यापुढे 'सचिवालय'. बसण्याआधी सगळ्यांनी हातांची फुली करून एकमेकांचे हात धरायचे आणि मी फोटो काढायचा, असा त्यांचा आग्रह. मोठे पुढारी तसाच काढतात म्हणे. चार माणसांत कुणाचा कुठला हात कुणाच्या हातात हे पाच मिनिटं जुळेना.

"भावजी, हे फुगडीसारखं नाय का होत?" हिराबाईंनी विचारलं.

हिराबाई तात्यांना भावजी म्हणत. मला वाटलं, बोलायची रीत असेल.

पहिला विषय होता सामायिक टेम्पो. महिन्यातून एकदा एकच टेम्पो तिन्ही गावं फिरेल, एकाचा माल दुसऱ्याकडे नेईल. लगेच भांडण.

सुमनताई म्हणाल्या, "बोंबील आणि माझी आमसुलं एका गाडीत? देवळाला आलेली माणसं माझ्याकडून प्रसादासारखं घेऊन जातात हो. वास आला तर?"

"आणि माज्या बोंबलाला तुमच्या आमसुलाचा वास आला तर?" हिराबाई कडाडल्या. "आंबट बोंबील कोन खानार?"

तात्यांनी टेबलावर चमचा वाजवला. "सभासद राष्ट्रांनी संयम पाळावा."

"राष्ट्र कुनाला बोलता?" हिराबाई म्हणाल्या.

सगळ्यांत आधी हसल्या त्या सरितावहिनी. मग सुमनताई हसल्या. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांतून मासळी आणायची, डबे गाडीच्या मागच्या अंगाला, असं ठरलं. प्लास्टिक नाही. ते तात्यांना खपत नसे. समुद्रात मैलोन्‌मैल तरंगताना पाहिलेलं, ते म्हणत, माझ्या गावचं तरी नको. 'तांत्रिक अडथळा दूर करण्यात आला,' असं त्यांनी मला इतिवृत्तात लिहायला लावलं.

विषयपत्रिकेत शेवटचा विषय नेहमी एकच: इतर विषय. तो आला की तात्या मला म्हणत, "मास्तर, तुमचा क्लास असेल ना चारला? निघा तुम्ही. हे काय लिहिण्यासारखं नाही."

माझा क्लास असायचाच. मी उठायचो. पण घरच्या खिडकीतून पडवी दिसते. मी क्लास संपवून साडेपाचला चहा घ्यायचो तेव्हाही ती चौघं तशीच बसलेली असायची. आधीचे सगळे विषय मिळून अर्धा तास आणि इतर विषय दोन तास. बायका रात्री माजघरात मुक्काम करायच्या, तात्या पडवीत निजायचे आणि सकाळच्या गाडीने त्या जायच्या. दर तीन महिन्यांनी असंच.

आणि गंमत म्हणजे, परिषद चालली. वाळवणाच्या पेट्या तिन्ही गावांत गेल्या. हिराबाईंनी त्यात कोळंबी वाळवली, सुमनताईंनी फणसाची साठं. हेदवीचं कुळीथ हर्ण्याला जाऊ लागलं, आणि हर्ण्याचा सुका जवळा हेदवीच्या आसपासच्या खानावळींत. मी वर्गात शिकवत होतो ते माझ्या खिडकीखालच्या पडवीत घडत होतं आणि मला त्याचं हसू येत होतं. ते हसू किती उथळ होतं हे कळायला दोन वर्षं गेली.

त्या वेळची परिषद श्रावणातली. पावसाने उघडीप दिली होती, पागोळ्या मात्र चालू होत्या. टेबलावरचा विषय अवघड होता, आणि तो कसा काढायचा हे कुणालाच कळत नव्हतं. शेवटी सुमनताईंनी काढला. त्यांना आडपडदा जमत नाही.

"पोफळीचं काय करायचं?"

पोफळीची वसाहत रिकामी होत चालली होती. माणसं निवृत्त होऊन आपापल्या गावी जात होती, क्वार्टर्सना कुलपं लागत होती. सरितावहिनींचेही यजमान निवृत्त झाले होते. ती दोघं पायथ्याच्या वाडीत छोटं घर बांधून राहिली होती. माल न्यायचा तर विकत घ्यायला माणसं नाहीत. टेम्पो मात्र तेवढ्यासाठी घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन रिकामा परत यायचा.

"मी वाईट अर्थाने नाही म्हणत," सुमनताई म्हणाल्या. "पण व्यवहार आहे ना?"

हिराबाईंनीही मान हलवली. "डिझेल काय झाडाला लागतंय?"

सरितावहिनी पदराच्या टोकाशी खेळत होत्या. "खरं आहे त्यांचं. तात्या, मला काढून टाका यादीतून. मला राग नाही. मी सांगणारच होते."

मी पेन थांबवून तात्यांकडे बघितलं. वाटलं, आता ते चमचा वाजवतील, काहीतरी पंतप्रधानांसारखं बोलतील. पण तात्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला होता.

"तुम्ही गेलात तर," ते सरितावहिनींना म्हणाले, "मी कुणाला विचारू?"

एवढंच. सुमनताईंनी चष्मा काढला आणि पुसू लागल्या. तात्या उठले, "चहा ठेवतो," म्हणाले आणि आत गेले. भांड्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.

मी हळूच हिराबाईंना विचारलं, "काय झालं?"

हिराबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परीक्षेत कोरा पेपर दिलाय. "ओ मास्तर, तुमी दोन वर्स लिवता तरी काय? तुमाला ठावं नाय?"

मग त्यांनी मला पडवीच्या पायरीवर नेऊन सगळं सांगितलं.

तात्या बोटीवर असताना इंदूवहिनींना घर खायला उठायचं. एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा, शिजवलं तरी घास उतरायचा नाही. पैसे तर तात्या पाठवत होते, त्याची ददात नव्हती. पण एक दिवस वहिनींनी घरची आमसुलं पिशवीत भरली आणि गाडीत बसल्या. कुणाकडे तरी जायचं तर काही निमित्त हवं ना? रिकाम्या हाताने गेलं तर माणूस पाहुणा होतो. विकायला गेलं की आपला होतो. जयगडहून होडीने पलीकडे, तिथून हेदवी. हेदवीहून पुढे दाभोळची खाडी ओलांडून हर्णे. येताना चिपळूणवरून पोफळी, आणि घरी. चार-पाच दिवसांचा फेरा. इथलं तिथे, तिथलं इथे. प्रत्येक गावी एक घर जोडलेलं. त्या घरी चार माणसांत बसून पोटभर जेवायच्या.

"माज्या घरी तिचं ताट येगळं ठेवलेलं," हिराबाई म्हणाल्या. "पितळी. आजून हाय."

तात्या रजेवर आले की वहिनी फेरा बंद करायच्या. त्यांना काही सांगायच्या नाहीत. चीफ कुकची बायको गाठोडं घेऊन फिरते हे त्यांना लागेल, पगार पुरत नाही असं त्यांना वाटेल, म्हणून. तात्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. पोफळीला सरितावहिनींच्या घरीच इंदूवहिनी आजारी पडल्या. आठ दिवस तिथेच होत्या. तिथेच गेल्या. तात्यांची बोट भर समुद्रात होती. ते पोचले तेव्हा बाराव्याची तयारी चालली होती. तीन अनोळखी बायका घरात आल्या आणि फोटोपुढे बसून ओक्साबोक्शी रडल्या. घरचा मालक कोपऱ्यात उभा राहून शेजाऱ्यांना विचारत होता, या कोण?

"मग बोट सोडून कायमचे आले नि आमचे पत्ते शोदून काडले," हिराबाई म्हणाल्या. "पत्रं टाकली. या म्हनाले, परिषद हाय. आमाला काय कळलं नाय, पन आलो. पयल्याच दिवशी तुमी गेल्यावर विचारतात काय, तर इंदू गाडीत खिडकीला बसायची काय?"

म्हणजे हेच ते इतर विषय. दर परिषदेला तात्या काही ना काही विचारत. ती कुणाशी भांडायची का? हसताना तोंडावर हात धरायची का? जेवताना आधी काय उचलायची? कशाला कंटाळायची? आणि सरितावहिनींना मात्र ते एकाच गोष्टीबद्दल विचारत, शेवटच्या आठ दिवसांबद्दल. तेही एका परिषदेला एकच दिवस. पहिल्या परिषदेला पहिला दिवस, दुसऱ्या परिषदेला दुसरा. एकदम सगळं ऐकून संपवायचं नव्हतं त्यांना.

"आज आठवी बैठक," हिराबाई म्हणाल्या. "पन मदे दोनदा तिला येता आलं नाय. आज सहावा दिवस, त्याच्यामागून आजून दोन ऱ्हायलेत."

मी परत टेबलापाशी आलो. वहीत माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'विषय तिसरा: पोफळीचे सदस्यत्व.' मला त्या अक्षराची लाज वाटली.

तात्या चहा घेऊन आले. कुणी काही बोलायच्या आत हिराबाईंनी निकाल दिला. "पोफळी ऱ्हायली. डिझेल मी बगते."

"डिझेल का बघायचं?" सरितावहिनी म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच मान वर करून बोलत होत्या. "आता मी घाटाच्या रस्त्याला लागूनच राहते. कऱ्हाडकडे जाणाऱ्या गाड्या घाट चढायच्या आधी तिथे थांबतात. देशावरची माणसं. त्यांना आमसूल, सुकी मासळी कुठे मिळते? वसाहतीत विकायला गेले तर माणसं नाहीत. पण रस्त्यावर टेबल टाकलं तर?"

सुमनताईंनी चष्मा चढवला. "हे आधी का नाही बोललात?"

"कुणी विचारलं नाही," सरितावहिनी म्हणाल्या.

तात्यांनी सगळ्यांपुढे कप ठेवले. आवाज परत चीफ कुकचा झाला. "लिहा मास्तर. पोफळी हे आपलं घाटावरचं बंदर."

टेबल लागलं. टेबलाचं पुढे टपरी झाली. आज परिषदेचा निम्मा माल घाट चढून जातो.

त्या संध्याकाळी सगळ्या आत गेल्यावर तात्या आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी आले. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं.

"मास्तर, आमचा संसार सगळा सुट्टीतला," ते म्हणाले. "सुट्टीत माणूस नटून असतं हो. मी आलो की ती नवी साडी नेसायची, मी आणलेल्या वस्तूंचं कौतुक करायची. एकतीस वर्षांत मला ती कधी कंटाळलेली दिसली नाही. कधी चिडलेली दिसली नाही. मला ती कंटाळलेली बघायची होती."

खुल्या व्यापारावर माझ्याकडे चार पुस्तकं आहेत. त्यांत कंटाळा हा शब्द कुठेच नाही.

पुढच्या बैठकीला सातवा दिवस सांगून झाला. आठवा तात्यांनी विचारला नाही. अजूनही विचारलेला नाही. सरितावहिनीही आपणहून सांगत नाहीत.

या वर्षी हिराबाईंनी बंड केलं. "मोठ्या देशांत परिषद फिरती असते, तुमीच सांगता ना भावजी? मग दर बारीला आमीच का येयाचं? आता हर्ण्याला."

तात्यांनी कारणं सांगितली. गुडघा. बोका. रेडिओची दुरुस्ती. सगळं जग पालथं घातलेला हा माणूस शेजारची खाडी ओलांडायला घाबरत होता. शेवटी मी म्हटलं, सचिव बरोबर येतोय. मग निघाले.

जयगडच्या फेरीबोटीत ते कठड्याला धरून उभे होते. खाडी ती काय, पंधरा मिनिटांची. तात्यांनी कसली कसली वादळं पाहिलेली, पण हाताची मूठ सोडली नाही त्यांनी. वाटेत हेदवीला सुमनताईंकडे जेवलो. ताट मांडताना त्या म्हणाल्या, "इंदूवहिनी इथे दाराकडे तोंड करून बसायच्या." तात्या उठले आणि त्या जागी जाऊन बसले. मग दाभोळची खाडी, मग दापोली आणि उतार उतरून हर्णे.

संध्याकाळचा मासळीचा लिलाव भरात होता. होड्या वाळूला लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, बायकांचा एकच कालवा. हिराबाई आमची व्यवस्था बघायला घरी गेल्या आणि आम्ही दोघे किनाऱ्यावर उभे राहिलो. तात्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर आल्या-गेल्या टोपलीचे शिंतोडे उडत होते. ते बाजूला होत नव्हते.

लिलावाच्या गर्दीपासून जरा अलीकडे एक फार म्हातारी बाई रिकामी टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे निरखून बघितलं.

"कुनाचे तुमी?"

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न कुणी कुणालाही विचारतं. तात्यांचं यावरचं उत्तर मला पाठ होतं. चीफ कुक रघुनाथ शिवलकर, परटवणे, एकतीस वर्षं समुद्र. बँकेतल्या कारकुनालाही ते तेच सांगायचे.

"इंदूचा," तात्या म्हणाले.

म्हातारीचे डोळे बारीक झाले. "आमसुलवाल्या इंदूचा? तो बोटीवरचा घोव?"

"होय."

"अरे देवा." म्हातारी बोळक्या तोंडाने हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "हाय होय खरोखरचा! आमी आपल्या म्हनायचो, बाय बतावनी करते. घोव येनार, घोव येनार. सालं गेली, कोन आला नाय. आमाला वाटलं, हा मानूस नायच."

"मलाही कधी कधी तसंच वाटायचं," तात्या म्हणाले.

म्हातारीने टोपली बाजूला सारली आणि वाळूवर हात थोपटला. तात्या पांढऱ्या पँटीनिशी तिथे, ओल्या वाळूत खाली बसले.

"यकदा काय झालं सांगू तुला," म्हातारीने न विचारताच सुरुवात केली, "ती आशी चिडली, आशी चिडली माज्यावर..."

तात्या पुढे वाकले. मी तिथून निघून होड्यांकडे चालत गेलो.